कास्टिकच्या टाकीवरचा ठसका

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, ‘तुम्ही उभी हयात कारखान्यात काढलीत, तिथल्या काही गमती लिहा.’ मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुमच्या कारखान्यातून घरी आलेली गंमत एकच, भोकं पडलेली धोतरं.” तिचं खोटं नाही. कास्टिक सोड्यात कसली आलीये गंमत, कपाळ? पण एक गोष्ट माझ्या मनात इतकी वर्षं बसून आहे. ती सांगून मोकळा होतो. तिच्यात मी शहाणा ठरत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी खामगावच्या एका तेलगिरणीत रसायनांचं काम पाहत होतो. गिरणीचं नाव सांगत नाही. गिरणी आता राहिली नाही, पण मालकांची नातवंडं गावात आहेत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि कुठलाही सरकारी कागद यायचा तो नागपूरहून. मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेलो. गिरणीत येण्याआधी एक वर्ष शाळेत शिकवलं होतं, तेवढ्यावर गिरणीतले सगळे मला मास्तर म्हणत, आणि मीही कोणाला कधी अडवलं नाही.

गिरणीत सरकीचं आणि शेंगदाण्याचं तेल निघायचं. त्यातला जो खवट, हलका भाग उरे, त्याचा मागच्या शेडमध्ये धुण्याचा साबण बनायचा. साबणाला लागतं कास्टिक. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा वेगळा आणि हा वेगळा. हा बोटाला लागला तर आधी बुळबुळीत लागतो, कारण तो तुमच्याच कातडीचा साबण करायला घेतो. मग आग होते. आमच्याकडे तो जलंब स्टेशनावरून फाट्याच्या रेल्वेगाडीनं लोखंडी पिंपांत यायचा. पिंप फोडलं की आत पांढरा दगड. तो घणानं फोडायचा आणि तुकडे पाण्याच्या टाकीत सोडायचे. खाली जाळ लागत नाही, पाणी आपल्या आपणच उकळायला लागतं. उकळलं की त्यातून धुकं उठतं आणि ते धुकं नाकाला, डोळ्यांना, घशाला धरतं. टाकीच्या कडेला फळी टाकलेली होती. तिच्यावर चार माणसं लांब गज घेऊन ढवळत उभी राहायची.

या चौघांचे मुख्य म्हणजे उस्ताद काशीराम. बऱ्हाणपूरकडचे, पण आयुष्य खामगावात गेलेलं. साठीला आलेले, अंगानं वाळलेले, डोक्याला कायम लाल मुंडासं. साबण तयार झाला की नाही ते त्यांच्या जिभेवर ठरायचं. कढईतला साबण थापीवर घ्यायचा, थंड करायचा, आणि त्याला जिभेचं टोक लावायचं. जीभ चुरचुरली तर कास्टिक जास्त झालं, अजून तेल घाला. नाही चुरचुरली तर ओता साच्यात. मी नवा होतो तेव्हा काचेच्या नळ्या घेऊन त्यांच्या मागे पळायचो. माझं उत्तर तयार व्हायच्या आत त्यांचा साबण साच्यात पडलेला असायचा, आणि बरोबर उत्तर त्यांचंच निघायचं. काय सांगू, मी मनातून त्यांचा चेला झालो.

एकदा सोनाळ्याचा एक दुकानदार बैलगाडीत पेटी घालून आला. म्हणे तुमच्या साबणानं आमच्या धोबिणीचे हात सोलले. मोठा आवाज करून राहिला होता. उस्तादांनी वडी घेतली, मोडली, मोडलेली कड उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, “हा माल आपला नाई.” मग जीभ लावली आणि तेच परत म्हणाले. पुढं निघालंही तसंच, त्यानं कोणाचा तरी स्वस्त माल आमच्या पेटीत भरला होता. गिरणीभर उस्तादांच्या जिभेची तारीफ झाली. डोळा आधी बोलला आणि जीभ मागून, हे माझ्या समोर घडलं आणि मला दिसलं नाही.

मग नागपूरहून कारखान्यांचे इन्स्पेक्टर आले. सरळ माणूस, पण प्रश्न विचारायची खोड. टाकीपाशी दोन मिनिटं उभे राहिले, रुमाल नाकाला लावून बाहेर आले आणि शेठला म्हणाले, “माणसानं इथं किती राहायचं याची काही मर्यादा ठरवली आहे का?” शेठनं मॅनेजरकडे पाहिलं आणि मॅनेजरनं माझ्याकडे. इन्स्पेक्टर मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही ठरवा. पुढच्या खेपेला मला दाखवा.”

हल्ली म्हणे पुस्तकात आकडा छापलेला असतो, एवढ्या हवेत एवढं कास्टिक, त्याच्या वर नाही. आमच्याकडे पुस्तक नव्हतं आणि हवा मोजायचं यंत्रही नव्हतं. घड्याळावर वेळ लावावी म्हटलं तर तेही जमेना. दगड बारीक फुटला, वारा पडला, की धुकं दुप्पट. मग मी हळदीचे कागद केले. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्याही घरच्या बाईला ठाऊक आहे. हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या मी टाकीवर टांगल्या. त्यांची लाली खालून वर चढत जायची. पण किती लाल झाल्यावर माणसाला बाहेर काढायचं? ते कागद कसं सांगणार. कागदाला घसा नसतो.

घसा पाहिजे, तर मग उस्तादांचाच घ्यावा, असं माझ्या सुपीक डोक्यात आलं. वीस वर्षं या धुक्यात उभा असलेला माणूस, त्याच्यापेक्षा जाणता कोण? मी दाराशी पाटी लावली: ‘उस्तादांना ठसका लागताच सर्वांनी काम थांबवून बाहेर यावे.’ इन्स्पेक्टर पुन्हा आले, पाटी वाचली, बरी वाटली त्यांना. शेठनं माझी पाठ थोपटली. मी त्या दिवशी घरी जाताना जरा ताठच चाललो.

आता त्या शेडची एक रीत सांगतो. उस्तादांच्या आधी कोणी खोकायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण रीत पक्की. आधी खोकला तो कच्चा. नवा माणूस गूळ चघळत, तोंडाला शेला बांधून, डोळ्यांतून पाणी गाळत उभा राही, पण ठसका गिळी. मला ही रीत माहीत होती. मी तिच्याकडे कौतुकानं पाहत होतो, हेच माझं चुकलं.

त्या सुमारास श्रावण टाकीवर आला. मोताळ्याकडचा माळी. दोघं भाऊ वेगळे निघाले, मळ्याचा याच्या वाट्याला आलेला तुकडा लहान, म्हणून हा गिरणीत आला. बायको आणि दोन पोरं गावीच. तरी मोताळ्याच्या बाजाराला तो सुट्टी टाकून जायचाच, घरची वांगी-मेथी विकायला. त्याचा आवाज म्हणजे बाजाराच्या या टोकाला हाक दिली की त्या टोकाची बाई पिशवी घेऊन वळायची. टाकीवर लागून तीन-चार महिने झाले असतील. एक दिवस तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, “मास्तर, घशाले काही औषध हाय का?”

आवाज असा बसलेला की मी आधी वळून पाहिलं, कोण बोलतंय.

“काऊन बे, काय झालं?”

“काही नाई जी. थोडा बसला हाय. बाजारात हाक निघून नाई राह्यली. बायको ओरडते आता, मी नुसता तोलतो.”

मी त्याला दिव्याजवळ बसवून तोंड उघडायला लावलं. मी डॉक्टर नाही, पण घसा आतून लालभडक होता. नाकाच्या कडेला वाळलेलं रक्त होतं. मी म्हटलं, “आग होते त काम सोडून बाहेर काऊन नाई येत?”

“उस्तादाईले ठसका कुठी लागते? पाटीवर तुमीच लिवलं हाय.”

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. माणूस साधा. पण मला ते लागलं. मी त्याला दवाखान्यात पाठवलं, तिथं डॉक्टर म्हणाले, धुक्यातून काढा नाहीतर हा आवाज कायमचा जाईल. श्रावण टाकी सोडायला तयार होईना. सोडली तर तो कच्चा ठरणार आणि उस्तादांचं नाक कापलं जाणार, कारण उस्तादांनीच त्याला निवडून घेतलं होतं. मला पेच पडला. हवा वाईट म्हणावी तर उस्ताद रोज त्याच हवेत मजेत उभे.

तो पेच सुटला जेवताना. दुपारच्या सुट्टीत आम्ही कडुलिंबाखाली बसायचो. आमच्याकडे पिठल्याला बेसन म्हणतात. उस्तादांच्या घरून बेसन-भाकर आली होती. त्यांनी माझ्या भाकरीवर घातलं. मी एक घास घेतला आणि तो गिळवेना. नुसतं मीठ. घरात सासूनं घातलं असेल आणि न विचारता सुनेनंही. उस्तादांकडे पाहिलं तर ते सावकाश जेवताहेत. अर्धी वाटी संपली होती.

“उस्ताद, मीठ कसं झालं?” मी विचारलं.

ते थांबले. माझ्या भाकरीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं. हात तसाच ताटावर राहिला.

“कमी हाय का जास्त?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, “खारट जहर झालं आहे.”

ते खाली पाहत म्हणाले, “जीभ गेल्याले लय वर्सं झाले, मास्तर. घसाही तसाच. काही लागतच नाई. साबण मी डोळ्यानं वळखतो. थापीवरून कसा पडते, मोडला त कड कशी दिसते. जीभ लावतो थे लोकाईसाठी. सांगू नका कोनाले. शेठ म्हनन, जीभ नाई त उस्ताद कायले पायजे?”

साबण त्यांचा आजवर कधी चुकला नव्हता, ते मी जाणत होतो. पण मी पाटी कशावर टांगली होती ते आता मला समजलं. मेलेल्या घशावर. त्याला ठसका लागणार कधी, आणि बाकीचे तीन बाहेर येणार कधी? मला राग आला. थोडा त्यांचा आणि बराच माझा, पण काढला त्यांच्यावर. मी म्हटलं, “तुमच्या इज्जतीपायी त्या श्रावणचा आवाज जाऊ द्यायचा का? तो तुमच्या घशाच्या भरवशावर उभा आहे.” त्यांनी फडकं बांधलं आणि ते उठून गेले.

मी तेव्हाच शेठकडे जायला हवं होतं. गेलो नाही. आठ दिवस गप्प बसलो. म्हातारपणी उस्तादांना घरी बसवायचं पाप माझ्या हातून नको, असं मनाला सांगत राहिलो. त्या आठ दिवसांत श्रावण रोज फळीवर चढत होता. हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

नवव्या दिवशी अर्धवट धीर करून पाटी बदलली. कारण लिहिलं नाही, नुसतं लिहिलं: ‘कोणालाही ठसका लागल्यास सर्वांनी बाहेर यावे.’ वाटलं, जिंकलो. कुठलं काय. कोणीच खोकेना. पाटी भिंतीवर आणि रीत अंगात. मी दारात उभा राहून पाहिलं. श्रावणचे डोळे गळताहेत, पण ओठ घट्ट. मी बाहेर ये म्हटलं तर मानेनंच नाही म्हणाला. आता रसायनशास्त्र यावर काय करणार?

दोन दिवसांनी शेठ पाहुण्यांना घेऊन शेडमध्ये आले. अकोल्याचे कोणी व्यापारी होते. शेठला आपली टाकी आणि आपले उस्ताद दाखवायची हौस. त्या दिवशी दगड बारीक फुटला होता, टाकी चांगलीच उसळली. पाहुणे दारातच थबकले. शेठ अभिमानानं म्हणाले, “देखो, हमारे उस्ताद. बीस साल से खडे हैं, खाँसते तक नहीं.”

आणि उस्ताद खोकले.

एकदा, मग पुन्हा, मग छाती धरून. गज फळीवर टाकला, मुंडाशाचं टोक तोंडाला लावलं आणि खोकत खोकत खाली उतरून, शेठच्या आणि पाहुण्यांच्या समोरून बाहेर गेले. मग श्रावणला जो ठसका लागला, तो कितीतरी दिवसांचा साचलेला. बाकीचे दोघेही खोकायला लागले. चौघं बाहेर लिंबाखाली बसले आणि मोकळे खोकले.

शेठला शरमल्यासारखं झालं. म्हणाले, “उस्ताद, बुढ्ढे हो गये क्या?”

“हो जी,” उस्ताद म्हणाले. “झालो.”

त्यांच्या घशाला काही लागलं नव्हतं, खोकला खोटा होता, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले. धुकं लागलं म्हणून मी तोंड फिरवून घेतलं.

त्या दिवसापासून उस्ताद रोज खोकायला लागले. ते खोकले की सगळे बाहेर, धुकं बसलं की पुन्हा आत. हळूहळू बाकीच्यांच्याही तोंडाचं कुलूप निघालं. कच्चा-पक्का बंद झालं, कारण खुद्द उस्तादच खोकतात म्हटल्यावर कच्चं कोणाला म्हणणार? शेठनं कुरकुर केली, पण इन्स्पेक्टरांचा धाक होता आणि साबण काही कमी पडत नव्हता. आम्ही दगड एकदम न टाकता थोडा थोडा टाकू लागलो, टाकीला झाकण केलं, छपराला खिडकी पाडली. हे सगळं आधीही करता आलं असतं. सुचलं मात्र तेव्हा.

श्रावणला डॉक्टरांनी दोन महिने टाकीपासून लांब ठेवलं. मी त्याला साबणाच्या वड्या कापायला बसवलं. आवाज परत आला. पहिल्यासारखा भरीव नाही, थोडी खरखर राहिली, पण बाजारात बायको गप्प बसून तोलायला लागली आणि हा ओरडायला लागला, असं त्यानं हसत सांगितलं. मग तो आपणहून टाकीवर परत आला.

मला एक कोडं होतं. उस्तादांचा खोकला खोटा, पण वेळ मात्र अचूक. कधी लवकर, कधी उशिरा, पण हवा जड झाली की नेमका. मी एकदा त्यांना विचारलं, “तुमाले त काही लागत नाई. मंग कवा खोकाचं हे कसं समजते?”

ते म्हणाले, “श्रावनच्या गळ्याकडं पाहतो. त्याची घाटी दोनदा वर-खाली झाली का मी खोकतो. त्याले आधी लागते, पन थो अजून ठसका दाबते. थो नव्हता तवा बाकी दोघाईच्या गळ्याकडं पाहे. साबनासारखंच हाय मास्तर. नीट पाह्यलं त समजते.”

दुसऱ्या दिवशी मी हळदीच्या पट्ट्या पुन्हा बाहेर काढल्या. श्रावणच्या खांद्याजवळ रोज एक टांगायची, आणि उस्ताद खोकले की लाली कुठवर चढली तिथं पेन्सिलनं खूण करायची. महिनाभर हे केलं. वारा असो नसो, दगड बारीक असो की मोठा, खूण एकाच जागी, खालून बोटभर. मला पाहिजे होती ती मर्यादा सापडली होती. इन्स्पेक्टर आले तेव्हा मी पट्ट्यांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एकेक उलटून पाहिली आणि विचारलं, “हे कुठल्या पुस्तकात मिळालं?” मी म्हटलं, “श्रावणच्या घशात.” ते हसले नाहीत. दोन पट्ट्या त्यांनी कागदात गुंडाळून नागपूरला नेल्या.

पुढं तीनेक वर्षांनी उस्तादांनी काम सोडायचं ठरवलं. शेठला कुणकुण लागली होती की काय कोण जाणे, पण त्यांनी जिभेबद्दल कधी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर शेठनं उस्तादांना विचारलं, टाकी आता कोणाच्या हवाली करायची? नियमानं पाहिलं तर बाकीचे दोघं श्रावणपेक्षा जुने होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे गेल्या होत्या.

उस्तादांनी आपलं लाल मुंडासं काढलं, झटकलं, आणि श्रावणच्या डोक्यावर ठेवलं.

“याले द्या,” ते शेठला म्हणाले. “आमच्यात सगळ्याईत पह्यले ठसका यालेच लागते.”